हळव्या मुलांना चित्रांच्या पुस्तकांचा आधार

आपल्या वस्तीत लहान मुलाचे कौतुक करायचे झाले की पहिला शब्द येतो तो 'वाघ'. "भीमाचा वाघ ना तू? मग रडतोस कशाला?" असे आपण दोन-अडीच वर्षांच्या पोरालाही विचारतो. त्यात प्रेम असते, अभिमान असतो. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून जगावे लागलेल्या समाजाची एक रास्त इच्छाही त्यात असते, की आपले मूल कुणाला भिणार नाही.

परंतु प्रत्येक गल्लीत एखादे मूल असे असतेच, की त्याला हा 'वाघ' पेलत नाही. मोठा आवाज झाला की ते कान झाकते. पाहुणे आले की आईच्या पदरामागे जाते. नवा सदरा टोचतो म्हणून घालत नाही. कुणी जरा रागावून बोलले की त्याचे डोळे भरतात आणि ते बोलणे ते दोन-दोन दिवस मनातून काढत नाही. अशा मुलाला रडूबाई, भित्रट, मुळूमुळू अशी नावे ठेवून आपण मोकळे होतो. ते मात्र मोकळे होत नाही. 'मी कुणीतरी कमी आहे' ही समजूत त्याच्या मनात घर करते. ज्या समाजाला बाहेरच्यांनी हजारो वर्षे हेच सांगितले, त्या समाजातल्या मुलाने ते स्वतःच्या घरातही ऐकावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

अशा मुलांसाठी एक साधा, कमी खर्चाचा उपाय आहे. तो म्हणजे चित्रांचे पुस्तक आणि ते मांडीवर घेऊन बसणारे घरातले एक माणूस. आमच्या वस्तीतील विहारात आम्ही काही कार्यकर्ते रविवारी सकाळी लहान मुलांना अशी पुस्तके वाचून दाखवतो. त्यातून आणि या विषयावरच्या वाचनातून जे समजले, ते पालक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

हळवेपणा हा दोष नव्हे

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दाम्पत्याने १९५६ पासून शंभराहून अधिक मुलांच्या स्वभावाचा त्यांच्या तान्हेपणापासून अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना असे आढळले की सुमारे १५ टक्के मुले नव्या माणसांशी आणि नव्या जागेशी हळूहळू जुळवून घेतात. हा स्वभाव पाळण्यातच दिसू लागतो. पुढे एलेन अ‍ॅरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अतिसंवेदनशील माणसांवर १९९६ मध्ये आणि अशा मुलांवर २००२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांच्या मते १५ ते २० टक्के माणसे जन्मतःच अशी असतात. हा आजार नव्हे. आवाज, स्पर्श, दुसऱ्याचा चेहरा, बोलण्यातला सूर हे सारे अशा मुलाला इतरांपेक्षा अधिक जाणवते, एवढाच त्याचा अर्थ. थॉमस आणि चेस यांनी आणखी एक गोष्ट ठासून सांगितली. मुलाचा स्वभाव कसा आहे यापेक्षा त्या स्वभावाशी घराचे जुळते की नाही, यावर मुलाचे पुढचे भले-बुरे अधिक ठरते.

आपल्याला एवढ्या दूर जायचीही गरज नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आपल्या घरोघरी आहे. त्यात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या बालपणाचे जे वर्णन केले आहे, ते पालकांनी पुन्हा एकदा वाचावे. उन्हात अपुऱ्या वस्त्रांनिशी राबणारे शेतमजूर पाहून ते मूल अस्वस्थ होते. मित्र शिकारीला बोलावतात, ते जात नाही. क्षत्रियाचा धर्म लढण्याचा आहे, अशी समजूत महाप्रजापतीही घालून पाहते. बाणाने जखमी झालेल्या पक्ष्याला ते उराशी धरते आणि देवदत्ताला परत देत नाही. आजच्या भाषेत बोलायचे तर सिद्धार्थ हे एक अतिसंवेदनशील मूल होते.

त्याच मुलाचे पुढे काय झाले? रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध पुकारण्याचा ठराव शाक्य संघापुढे आला, तेव्हा विरोधात उभा राहिला तो सिद्धार्थ. प्रचंड बहुमत विरुद्ध गेले तरी त्याने माघार घेतली नाही आणि त्याची किंमत म्हणून घरदार सोडले. हळवेपणा आणि धैर्य यांचे वैर नाही, हे सांगायला आणखी कोणता दाखला हवा? दुसऱ्याचे दुःख ज्याला आधी जाणवते, तोच अन्यायाविरुद्ध आधी उठतो. मात्र त्यासाठी त्या मुलाच्या पायाखाली आत्मविश्वासाची जमीन हवी.

चित्रांचे पुस्तक काय करते?

हळव्या मुलाला उपदेश लवकर टोचतो. "घाबरू नकोस" असे सांगितले की त्याला एवढेच कळते, की आपण घाबरतो हे आई-बाबांना आवडत नाही. म्हणजे मूळची भीती राहते ती राहतेच, वर लाजही येऊन बसते.

पुस्तकात मात्र घाबरणारे दुसरे कुणीतरी असते. एखादे मांजराचे पिल्लू असेल, एखादी मुलगी असेल. मूल आईच्या उबेत बसून, दुरून, त्या दुसऱ्याची भीती पाहते. वाटले तर पान पटकन उलटते, वाटले तर पुन्हा मागे जाते. खऱ्या जगात आवाज त्याच्यावर चाल करून येतो, पुस्तकात पान त्याच्या हातात असते. भीतीवर आपला ताबा असण्याचा हा त्याचा पहिला अनुभव ठरतो. वीस वेळा ऐकलेल्या गोष्टीत पुढे काय होणार हे त्याला पाठ असते, आणि पुढे काय होणार हे माहीत असणे ही हळव्या मुलाची सर्वांत मोठी गरज असते.

डोळ्यांना दिसेल अशा वस्तूवरून शिकवण्याची ही रीत आपल्या परंपरेत नवी नाही. भगवान बुद्धांनी राहुलाला केलेला उपदेश मज्झिम निकायात आहे. भांड्यात थोडेसे पाणी ठेवून त्यांनी ते राहुलाला दाखवले, मग ते पाणी टाकून दिले, मग भांडे पालथे केले, आणि प्रत्येक वेळी "राहुल, हे पाहिलेस का?" असे विचारीत त्याला खरे बोलण्याचे मोल समजावले. अजिंठ्याच्या भिंतींवर ज्यांनी गोष्टी रंगवल्या, त्यांनाही हे ठाऊक होते.

कोणते पुस्तक घ्यावे?

एझ्रा जॅक कीट्स या अमेरिकन चित्रकाराचे उदाहरण देतो. पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात १९१६ मध्ये तो जन्मला. मासिकात छापलेली एका लहानग्या काळ्या मुलाची छायाचित्रे त्याने तरुणपणी कापून ठेवली होती. पुढे १९६२ मध्ये 'द स्नोई डे' हे पुस्तक त्याने केले आणि पीटर नावाच्या काळ्या मुलाला त्याचा नायक केले. पीटर बर्फात खेळतो, एवढीच गोष्ट. पण तोवर अमेरिकेतील चित्रपुस्तकांत काळे मूल असे सहज, मानाने क्वचितच आले होते. १९६३ मध्ये या पुस्तकाला तेथील चित्रपुस्तकांचा सर्वोच्च मानला जाणारा कॅल्डेकॉट सन्मान मिळाला. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने २०२० मध्ये जाहीर केले, की त्यांच्या १२५ वर्षांत वाचकांनी सर्वाधिक वेळा घरी नेलेले पुस्तक हेच.

याच पीटरचे दुसरे पुस्तक १९६४ चे आहे, 'व्हिसल फॉर विली'. पीटरला शीळ घालून आपल्या कुत्र्याला बोलवायचे असते. शीळ काही येत नाही. तो रिकाम्या खोक्यात लपतो, बाबांची टोपी घालून पाहतो, पुन्हा प्रयत्न करतो. कुणी त्याला हसत नाही, कुणी रागावत नाही. शेवटी एकदा शीळ वाजते. मग आई त्याला दुकानातून वस्तू आणायला पाठवते आणि तो जाता-येता शीळ घालीत राहतो. हळव्या मुलासाठी पुस्तक कसे असावे, याचा हा नमुनाच आहे. अडचण लहान, मूल आपल्यासारखे, मध्ये दोन-चार वेळा अपयश आणि यश स्वतःच्या प्रयत्नाने.

याउलट हान्स अँडरसनची १८४३ सालची बदकाच्या कुरूप पिल्लाची गोष्ट पाहा. ती आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. त्या पिल्लाचा सारे छळ करतात. पुढे त्याला मान मिळतो, तो कशामुळे? तर ते मुळात राजहंसाच्या अंड्यातून निघालेले असते म्हणून! म्हणजे थोरवी जन्माने आली. ते खरोखर बदकच असते, तर त्याचा छळ योग्य होता काय? हा प्रश्न गोष्ट विचारत नाही. आपल्या मुलांना ही गोष्ट सांगायचीच असेल, तर शेवटी हा प्रश्न त्यांना जरूर विचारावा. पाच वर्षांचे मूलही त्याचे नेमके उत्तर देते.

मराठीत आज चांगली चित्रपुस्तके मिळतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'चित्रवाचन' ही पुस्तके लहानांसाठी उत्तम आहेत. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम बुक्स'ची पुस्तके परवडणाऱ्या किमतीत मिळतात. 'प्रथम'ने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' हा संग्रह इंटरनेटवर मोफत खुला केला. त्यातील मराठी गोष्टी उतरवून घेऊन झेरॉक्सच्या दुकानात छापून घेता येतात आणि त्याला परवानगीही आहे. मोबाईल मुलाच्या हातात देऊन आपण बाजूला होण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

आरसा कुठे आहे?

अमेरिकेत नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ मध्ये एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांची त्यांनी पाहणी केली. त्यांपैकी अवघ्या ६.७ टक्के पुस्तकांत एक तरी काळे माणूस होते. पाच वर्षांच्या एका काळ्या मुलीने "पुस्तकात नेहमी गोरीच मुले का असतात?" असे विचारले, तेथून त्या लेखाची सुरुवात होते. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप या काळ्या अभ्यासक बाईंनी म्हटले, की मुलासाठी पुस्तक ही दुसऱ्याचे जग दाखवणारी खिडकी असते, तसाच तो स्वतःला पाहण्याचा आरसाही असावा लागतो.

आपल्या मुलांनी त्या मुलीचा प्रश्न विचारला तर? पुस्तकातल्या घरात अंगण असते, तुळशीवृंदावन असते, देवघर असते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असलेले, दहा बाय बाराच्या खोलीतले घर किती पुस्तकांत दिसते? निळा झेंडा, विहार, पंचशील म्हणणारी आजी किती पुस्तकांत दिसते? धीट मूल याकडे लक्ष न देता पुढे जाईल. हळवे मूल मात्र न दिसणाऱ्या गोष्टींचीही नोंद घेते. आपले घर पुस्तकात येण्याच्या लायकीचे नाही, असा अर्थ ते मनाशी लावू शकते.

हैदराबादच्या 'अन्वेषी' या स्त्री-अभ्यास संस्थेने २००८ मध्ये 'डिफरंट टेल्स' ही मालिका काढली. इंग्रजी, तेलुगू आणि मल्याळम या भाषांत निघालेल्या या पुस्तकांत दलित, मुस्लिम, कष्टकरी घरांतली मुले आहेत. एका गोष्टीत तर बोकडाच्या मुंडीचे कालवण शिजते. शाळेत डबा उघडताना ज्या मुलाने झाकण अर्धेच उघडायला शिकून घेतले आहे, त्याला अशी गोष्ट किती बळ देईल! ही पुस्तके जरा मोठ्या मुलांसाठी आहेत. मराठीत असे काम आपल्या लेखकांनी आणि चित्रकारांनी हाती घेतले पाहिजे.

अपमान मुलाला आज ना उद्या भेटणार, हे आपण जाणतो. चित्रांचे पुस्तक तो टाळू शकत नाही. मग ते काय करते? ते मुलाला शब्द देते. 'मला वाईट वाटले', 'मला राग आला', 'मला भीती वाटली', 'ते चूक होते' हे चार वेगळे शब्द आहेत, हे त्याला चित्रांतल्या चेहऱ्यांवरून कळते. ज्याच्याजवळ शब्द आहेत ते मूल घरी येऊन सांगते. ज्याच्याजवळ नाहीत ते उगाच पोट दुखते म्हणून शाळा टाळते. बाबासाहेबांनी बालपणी शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागल्याची आणि शिपाई नसला की तहानलेले राहावे लागल्याची हकिकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिली, तेव्हा मध्ये तीसहून अधिक वर्षे लोटली होती. तरी बारीकसारीक तपशील जसेच्या तसे आहेत. लहानपणी मनाला लागलेले माणूस विसरत नाही. म्हणून ते 'काही नाही रे' म्हणून झटकू नये.

वाचून कसे दाखवावे?

आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

पुस्तक आधी स्वतः पाहावे. भीतीचे किंवा दुःखाचे पान कोठे आहे ते माहीत असावे. मुलाने ते पान वगळले तर वगळू द्यावे. आमच्याकडे चार वर्षांची एक मुलगी पुरात सापडलेल्या पिल्लाचे पान आले की दोन पाने एकदम उलटायची. सहाव्या-सातव्या रविवारी तिने आपणहून ते उघडले, बराच वेळ पाहिले आणि "हे भिजलंय, पण याची आई बघा इथं आहे" असे सर्वांना दाखवले.

प्रश्न पुस्तकातल्या मुलाविषयी विचारावा. "हिला काय वाटत असेल?" हा प्रश्न चालतो. "तूपण असाच रडतोस ना?" हा प्रश्न पुस्तकाचे सारे काम बिघडवतो. तसेच शेवटी तात्पर्य सांगू नये. ज्याला घ्यायचे ते मूल घेतेच.

एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितले तर कंटाळू नये. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले, की मोठ्यांनी नुसते वाचून दाखवण्याऐवजी प्रश्न विचारत हळूहळू मुलालाच गोष्ट सांगू दिली, तर त्याची भाषा अधिक वेगाने वाढते. चार दिवसांनी पुस्तक मुलाच्या हाती द्यावे आणि आपण ऐकावे.

येथे आपल्या घरातली आजी फार मोलाची आहे. अनेक आजींना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. चित्रांच्या पुस्तकाला अक्षर लागत नाही. "मला वाचता येत नाही बाळा, तूच सांग" असे आजीने म्हटले, की चारचौघांत तोंड न उघडणारे मूल तिच्यासमोर पानामागून पान सांगत सुटते. चूक काढणारे कुणी नसते. घरात आपल्याला काहीतरी येते आणि ते आजीच्या उपयोगी पडते, हे त्याला पहिल्यांदाच कळते. आत्मविश्वास दुसरे काय असतो?

घरचे पुस्तक

विकत घेणे जमले नाही तरी अडत नाही. पाठकोरे चार कागद मधोमध दुमडून दोऱ्याने शिवले की १६ पानांचे पुस्तक होते. त्यात मुलाला जे अवघड वाटते त्याचीच गोष्ट करावी.

आमच्या वस्तीतील एका कार्यकर्त्याचा पाच वर्षांचा मुलगा जयंतीच्या मिरवणुकीत डीजे सुरू झाला की थरथर कापायचा. "चौदा एप्रिलला रडतो, कार्यकर्त्याचा पोरगा ना तू?" असे लोक म्हणत आणि वडिलांना ते लागे. एका वर्षी आईने मार्च महिन्यातच त्याच्यासाठी पुस्तक केले. पहिल्या पानावर नवा पांढरा सदरा, दुसऱ्यावर विहारातली वंदना, मग निळे झेंडे, मग डीजेची गाडी. पुढच्या पानावर मुलगा दोन्ही कानांवर हात ठेवून आजीबरोबर विहाराच्या पायरीवर उभा, आणि शेवटी गाडी पुढे गेल्यावर सर्वांना पाणी वाटणारा तोच मुलगा. चित्रे काडीच्या माणसांची होती. मुलाने ती रंगवली आणि महिनाभर रोज उघडून पाहिली. मिरवणुकीच्या दिवशी डीजे आला तेव्हा तो पायरीवर गेला, कानांवर हात ठेवले आणि गाडी गेल्यावर पाण्याचे पेले घेऊन उतरला. तो डीजेपुढे नाचला नाही. नाचण्याची गरजही नव्हती. बाबासाहेबांच्या जयंतीत त्याला त्याची जागा मिळाली. डीजेचा आवाज थोडा कमी करावा काय, याचा विचार आपण मोठ्यांनी करायला हरकत नाही.

पुस्तकातून जमिनीवर येताना पाऊल असेच लहान असावे. पीटरची गोष्ट वाचल्यावर मुलाला समोरच्या दुकानात एक वस्तू आणायला पाठवावे, आपण दारात उभे राहावे. जमले तर "छान", न जमले तर "उद्या पाहू".

एक सावधगिरी

प्रत्येक गोष्ट पुस्तकाने सुटत नाही. मूल नावाने हाक मारली तरी वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, वयाप्रमाणे बोलत नसेल, येत असलेले बोलणे बंद झाले असेल किंवा अचानक एखाद्या माणसाला वा जागेला भिऊ लागले असेल, तर तो केवळ हळवा स्वभाव समजू नये. अचानक आलेल्या भीतीमागे कुणाचा त्रास तर नाही, हे शांतपणे शोधावे आणि डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा.

शेवटी एकच सांगणे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात. पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेणारा समाज म्हणून आपली ओळख आहे. तेथून परतताना आपल्या पिशवीत मोठ्यांसाठी चार-पाच पुस्तके असतात. या वर्षी त्यात पाच वर्षांच्या मुलासाठीही एक असू द्यावे, चित्रांचे. ते नाही मिळाले तर दुकानदाराला विचारावे, "लहानांसाठी काय आहे?" आपण सर्वांनी विचारले, तर पुढच्या वर्षी तो ठेवील, आणि कुणीतरी आपल्या मुलांची, आपल्या घराची पुस्तके काढीलही.